दुसऱ्या बुटाची नाडी

मी आठवीतनं शाळा सोडली. कॉलेजात माझी ओळख करून देताना बाई पहिलं तेच सांगायच्या. माझ्या खांद्यावर लाकडी पट्टी टेकवून त्या वर्गाला इंग्रजीत म्हणायच्या, "हा माणूस आठवीपर्यंत शिकलाय. तुम्ही जेवढं सांगाल तेवढंच हा करील. स्वतःचं डोकं लावणार नाही. ह्या तासापुरता हा माणूस नाही, यंत्र आहे." पुढच्या बाकांवरची पोरं खुदखुदायची. मागच्या बाकांवरची हसायची नाहीत. ती कशालाच काही करायची नाहीत. पट्टी खांद्यावरनं निघाली की मी टेबलामागं जाऊन उभा राहायचो, आणि तास सुरू व्हायचा.

बाईंबद्दल कुणी वाईट बोललं की आजही मी तिथनं उठून जातो. कारण मला बंगळुरात भाकरी त्यांनी दिली. मी जत भागातला. द्राक्षाच्या ट्रकवर हमाल म्हणून आलो, इथं कावीळ झाली, ट्रक मला सोडून गेला. बरा झाल्यावर जे. पी. नगरात एका हातगाडीवर दुसऱ्याची द्राक्षं विकत उभा राहायचो. कन्नड येत नव्हतं, हिंदी अर्धीमुर्धी. बोटांनी भाव सांगायचो. एक दिवस पांढऱ्या साडीतल्या एक बाई आल्या, द्राक्षाचा घड उचलून नवऱ्याला म्हणाल्या, "आंबट असणार. विकणाऱ्याचं तोंडच सांगतंय." ती मराठी ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी वजनापेक्षा दोन घड जास्त टाकले. बाईंनी ते काढून परत गाडीवर ठेवले. "धंदा कर," म्हणाल्या, "भीक घालू नकोस." 

त्यांचे यजमान सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, पुण्याचे. बाई एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. आधी मी त्यांच्या घरी पाण्याची टाकी धुवायला गेलो, मग बागेला, मग त्यांनीच मला कॉलेजात लॅबचा शिपाई म्हणून चिकटवलं. कच्ची नोकरी. बाईंच्या शब्दावर होती आणि बाईंच्या शब्दावर जाणार होती. त्या वेळी मी राहायचो त्या खेड्यापलीकडं एचएसआर लेआउट ह्या होऊ घातलेल्या वस्तीच्या नुसत्या खुणेच्या दगडांच्या रांगा होत्या, गुरं त्यांना अंग घासायची. सकाळी तिथनं चालत निघताना रोज वाटायचं, आज काढतील. संध्याकाळी परत येताना वाटायचं, आज नाही काढलं, देवाची कृपा.

बाईंचा विषय टेक्निकल इंग्लिश. विद्यापीठाला तो लागायचा, त्याची तोंडी परीक्षा व्हायची, आणि बाहेरनं परीक्षक यायचे. पोरांना यंत्राची माहिती इंग्रजीत सांगता आली पाहिजे, काम कसं करायचं ते पायरीपायरीनं सांगता आलं पाहिजे. बाईंनी त्यासाठी एक पद्धत बसवली होती. टेबलावर तीन पिनांचा प्लग, वायरचा तुकडा, पक्कड, डिस्मिस. टेबलामागं मी. समोर एक विद्यार्थी. त्यानं इंग्रजीत हुकूम द्यायचे आणि मी तेवढंच करायचं. स्क्रू सोडव म्हणाला तर सोडवायचा. कुठला स्क्रू ते नाही सांगितलं तर हात वर धरून उभं राहायचं. हिरवी वायर कुठल्या भोकात ते नाही सांगितलं तर वायर हातात धरून उभं राहायचं. तोंडातनं शब्द काढायचा नाही. प्लग जोडून झाला की बाई तो बोर्डात घालून दिवा लावून बघायच्या. दिवा लागला की मार्क.

पद्धत चांगली होती. मला तेवढं इंग्रजी तिथं उभं राहूनच आलं. पण तिच्यात एक खोच होती. बाई म्हणायच्या, हुकूम म्हणजे हुकूम. प्लीज नाही, सर नाही, काइंडली नाही. एक प्लीज म्हटलं की एक मार्क कापला. 

"पंपाला काय अक्षता घेऊन बोलवायला जाणार आहात?" त्या म्हणायच्या. "जगातल्या कुठल्या मॅन्युअलमध्ये हात जोडलेले असतात? वाचणाऱ्याला काय करायचं ते कळलं पाहिजे. त्याची इज्जत करायला त्याची आई आहे."

हे इंग्रजीत म्हणून झालं की माझ्याकडं बघून मराठीत म्हणायच्या, "कळलं ना तुला? वाईट वाटून घ्यायचं नाही."

"नाही बाई," मी म्हणायचो. आणि खरंच वाटायचं नाही. हमालीत ह्यापेक्षा वाईट ऐकलं होतं.

शहरातल्या पोरांना ती पद्धत फार आवडायची. कोरमंगलाकडनं मोटरसायकलवर येणारा एक पोरगा होता, त्यानं पहिल्याच दिवशी मला प्लग सोडून भलतंच सांगायला सुरुवात केली. डावा हात वर कर. उजवा पाय वर कर. तसाच थांब. आता पक्कड दातात धर. मी पक्कड दातात धरून एका पायावर उभा राहिलो. वर्ग आडवा झाला. बाईंनी त्याला पूर्ण मार्क दिले. म्हणाल्या, "फालतू माणूस आहेस, पण एकही वाक्य संदिग्ध नाही." तास संपल्यावर मला म्हणाल्या, "पक्कड धुऊन ठेव. तुझी लाळ लागलीय."

अडायचं ते मागच्या बाकांवरच्यांचं. ती पोरं कन्नड माध्यमातनं आलेली. इंग्रजी वाचायची, समजायची, लिहायचीसुद्धा. वायरमनचं काम तर त्यातल्या कित्येकांना हातानं येत होतं. पण टेबलासमोर उभी राहिली की गप्प. मला आधी वाटायचं शब्द आठवत नाहीत. मग बघत बघत कळलं. माझे कानशिलावरचे केस तेव्हाच पांढरे झाले होते, कावीळ चेहऱ्यावरनं कधी पुरती गेलीच नाही, चाळिशीचा दिसायचो. त्या पोरांच्या घरी वयानं मोठ्या माणसाला कुणी 'हे उचल, ते ठेव' म्हणत नाही. ती मला जाता-येता अण्णा म्हणायची. मग अण्णाला पक्कड उचल म्हणून कसं सांगायचं? त्यांच्या ओठावर पहिलं प्लीजच यायचं, प्लीज म्हटलं तर मार्क जाणार, आणि प्लीजशिवाय तोंड उघडायचं नाही. म्हणून ती गप्प उभी राहायची. टेबलाकडं बघायची, कधी माझ्या हातांकडं. चेहऱ्याकडं कधीच नाही.

बाईंना ते दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांना दिसत होतं. त्यांना त्याचाच राग होता. "हे असले मऊ लोक," त्या मला एकदा म्हणाल्या, "कारखान्यात उभे राहतील आणि फोरमन ह्यांना खाऊन टाकील. मी आत्ता रडवते, तिथं कोणी रुमाल द्यायला येणार नाही." आणि त्या रडवायच्या. "तोंडात गुळणी धरलीय का?" "देवळात उभा आहेस का, डोळे मिटून?" एका पोराला तर तास संपेपर्यंत तसाच उभा ठेवला, आणि त्याच्यासमोर मला. आम्ही दोघं एकमेकांच्या गळपट्ट्या बघत उभे.

त्या गप्प लोकांत एक मुलगी होती. चिकपेटेत तिच्या वडलांचं कापडाचं दुकान. ह्या विषयाच्या तोंडीत ती आधी एकदा नापास झालेली होती. बाकी सगळ्या विषयांत वरच्या नंबरात, ह्या एकाच विषयात टेबलासमोर उभी राहून खाली बघणारी. पहिल्या तासाला तिनं हुकूम दिला तो असा: "अण्णा, प्लीज सर, यू टेक..." बाईंनी एका वाक्याचे तीन मार्क कापले. पुढच्या बाकांवरनं कुणीतरी 'अण्णासर' म्हणून हाक मारली, आणि पुढं वर्षभर माझं नाव तेच पडलं. ती त्यानंतर बोललीच नाही.

एका दुपारी मी लॅबमध्ये बाकं पुसत होतो. दारात येऊन ती म्हणाली, "अण्णा, स्वल्प बोलायचं होतं."

मराठीत. मी फडकं हातात धरून तसाच उभा राहिलो. त्यांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात, घरी बोलतात ते मराठीच, पण त्यात निम्मं कन्नड मिसळलेलं. बाईंना हे माहीत होतं. "हिचं मराठी म्हणजे सांबारात पडलेली पुरणपोळी," असं त्या स्टाफरूममध्ये सांगायच्या. मला मात्र ते कानाला फार गोड लागलं.

"आप्पांनी सांगितलंय," ती म्हणाली, "ह्या वेळेला हा विषय राहिला तर कॉलेज बंद. दावणगेऱ्याचं एक स्थळ थांबवून ठेवलंय त्यांनी. ते लोक विचारतायत, किती दिवस थांबायचं म्हणून."

"मग सांग की हुकूम," मी म्हणालो. "इंग्रजी तर तुला येतं."

"तुम्हाला कसं सांगू? आमच्याकडं दुकानातल्या म्हाताऱ्या गड्यालाही 'या, बसा' म्हणतात."

"मी काय म्हातारा आहे?"

"दिसता," ती म्हणाली, आणि स्वतःच ओशाळली.

दार उघडं ठेवून आम्ही सरावाला बसलो. मी टेबलामागं उभा राहिलो, म्हटलं भिंतीला सांग, मला सांगू नको. भिंतीकडं तोंड करून तिनं बरोबर सगळं सांगितलं. एकही चूक नाही. वळून माझ्याकडं बघितलं की बंद. म्हटलं मला कुत्रा समज. ती म्हणाली, कुत्र्यालाही आम्ही हाड म्हणत नाही. म्हटलं डोळे मिट. मिटले, तरी जमेना. असे बरेच दिवस गेले. परीक्षा जवळ आली, आणि मला तिच्यापेक्षा जास्त घोर लागला. आपलं शिक्षण सुटलं तेव्हा कुणी आपल्या दारात येऊन 'थांब' म्हणालं नव्हतं, हे मनात होतंच. पण ते सोडा. मला खरी भीती ही होती की तिच्या दावणगेऱ्याला माझे पांढरे केस कारण होणार.

मग एक दिवस मी बाईंची रीत उचलली. 

ती समोर उभी होती, ओठ हलत होते, आवाज नाही. मी प्लग टेबलावर आपटला. खुर्ची ओढून बसलो आणि दोन्ही पाय टेबलावर टाकले, तिच्या वहीवर. दात काढून हसलो, तो मोटरसायकलवाला हसायचा तसा.

"काय गं, तोंड शिवलंय? आप्पांना निरोप देतो थांब. म्हणावं दावणगेऱ्याला नारळ पाठवा. पोरगी हुशार आहे, पण मुकी आहे. मुक्या बायकोला मागणी फार."

ती पांढरी पडली. 

"भाकरी थापायला इंग्रजी लागत नाही," मी म्हणालो. "बरंच झालं म्हणायचं."

"पुट युवर फीट डाउन," ती म्हणाली.

आवाज थरथरत होता, पण हुकूम होता. मी पाय खाली घेतले. "स्टँड अप," ती म्हणाली. उभा राहिलो. मग तिनं पक्कड, वायर, स्क्रू, एकामागनं एक, श्वास न घेता सगळं सांगितलं, आणि मी बोर्डात प्लग घातला तेव्हा दिवा लागला. दिवा लागल्यावर तिला रडू फुटलं. "तप्पायतु अण्णा," म्हणाली. चुकलं.

"हे म्हणायचं नाही," मी सांगितलं. "हेही प्लीजच आहे."

पुढचे सगळे दिवस आम्ही तसंच केलं. मी आधी तिला डिवचायचो, तिच्या आप्पांवरनं, तिच्या मराठीवरनं, तिच्या दोन वेण्यांवरनं. ती चिडायची, आणि चिडली की बोलायची. नंतर नंतर डिवचायचीही गरज उरली नाही. मी नुसतं दात काढून हसलो की तिच्या कपाळाची शीर उठायची आणि हुकूम सुरू. आपल्याला कुणाला काही शिकवता येतं हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. कशानं शिकवता येतं, हेही कळलं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरनं आलेले परीक्षक साठीच्या घरातले होते. सफारी, काळे बूट, कपाळाला गंध. सकाळपासनं त्यांनी प्लगच प्लग ऐकला. स्क्रू सोडव, वायर घाल, स्क्रू आवळ. पोरांना पाठ झालेलं. साहेब जांभया द्यायला लागले. तिचा नंबर आला तेव्हा त्यांनी हातानंच प्लग बाजूला सारला.

"सगळे पोपट," बाईंना ते इंग्रजीत म्हणाले. "हे मी आता ऐकणार नाही."

त्यांनी खाली वाकून उजव्या बुटाच्या नाडीचं टोक ओढलं. नाडी सुटली. पाय पुढं करून ते तिला म्हणाले, "ह्याला ही बांधायला सांग. ह्यानं जन्मात बूट बघितलेला नाही असं समज."

बाईंचा चेहरा क्षणभर आखडला. त्यांची पद्धत त्यांच्या हातातनं कुणीतरी काढून घेतली होती. पण त्या परीक्षकाला काही बोलल्या नाहीत. मला मराठीत म्हणाल्या, "बस खाली."

मी गुडघ्यावर बसलो. जमीन गार होती. साहेबांच्या मोज्याला घोट्यापाशी बारीक भोक होतं, बुटाला पॉलिशचा वास. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून थांबलो. परक्याच्या पायातल्या बुटाला हात लावायचा, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. परीक्षकालाही कळत असणार, गंध लावणारा माणूस.

ती बोलेना. 

बाईंची पट्टी टेबलावर एकदा वाजली. दुसऱ्यांदा वाजली. मी वर बघितलं. ती माझ्या टाळूकडं बघत होती. मला मनात दावणगेरे दिसायला लागलं, मी कधी न बघितलेलं गाव. मग मी तिच्याकडं बघून दात काढले. गुडघ्यावर बसून, परक्या बुटाशी, चांगले रुंद.

तिच्या कपाळाची शीर उठली.

"होल्ड द लेफ्ट एंड," ती म्हणाली. "होल्ड द राइट एंड. क्रॉस देम."

एकेक हुकूम सुटा, मोजका. फास कसा करायचा, कुठल्या बोटानं दाबायचा, दुसरं टोक कुठनं फिरवून आत घालायचं, ओढायचं किती. गाठ बसली. साहेबांनी पाय हलवून बघितला आणि त्यांची झोप उडाली. "गुड," ते म्हणाले. "व्हेरी गुड." आणि हसत हसत वाकून त्यांनी डाव्या बुटाचीही नाडी ओढली. दुसरा पाय पुढं आला. "आता हा. जरा भरभर."

मी दुसऱ्या बुटाकडं सरकलो नाही. सांगितल्याशिवाय सरकायचं नव्हतं.

"नो, सर," ती म्हणाली.

साहेबांनी भुवया वर केल्या.

"इट इज द सेम प्रोसीजर, सर," ती म्हणाली, आणि बाहेर गेली. व्हरांड्यातनं तिच्या चपलांचा आवाज आला.

परीक्षक रागावले नाहीत. त्यांना गंमत वाटली. "जीभ आहे हो तुमच्या पोरीला," ते बाईंना म्हणाले. "द्या काय द्यायचे ते मार्क. मी सही करतो."

"प्रोसीजर अर्धी टाकून गेली ती," बाई म्हणाल्या.

"एक बूट झाला की."

"तुम्ही दोन सांगितलेत. कारखान्यात अर्धी मशीन सोडून गेली तर कोण मरेल? माझ्या विषयात अर्धं म्हणजे नापास." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

साहेबांनी खांदे उडवले. त्यांच्यासाठी कॉफी आली होती, ते कपाकडं वळले. एक पाय तसाच पुढं, नाडी लोंबती.

मी अजून गुडघ्यावरच होतो. मला कुणी ऊठ म्हणालं नव्हतं. 

"बाई," मी खालूनच म्हणालो. तासाला 'नाही बाई' सोडून मी कधी काही बोललो नव्हतो, माझाच आवाज मला परका वाटला. "तिचं कॉलेज बंद होईल. बापानं लग्न ठरवून ठेवलंय."

"तुला कोणी सांगितलं?"

"तिनंच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, गेली नोकरी. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्या आवाजात राग नव्हता हे मी सांगितलं पाहिजे, "ती कोणासाठी थांबली माहितीये ना? तुझ्यासाठी. तुझी कीव आली तिला. मी वर्षभर घसा फोडला तो तेवढ्यासाठीच." त्यांनी साहेबांच्या कपाकडं बघितलं. "जा. घेऊन ये. हा कप संपेपर्यंत दुसरा बूट झाला तर मी पास लिहीन. कप संपला की संपलं."

ती पाण्याच्या नळापाशी होती. ओंजळ तोंडाशी नेलेली, पाणी पीत नव्हती. 

"चल," मी म्हणालो. "दुसरा बूट राहिलाय. केलास की पास आहेस."

"बेडा अण्णा. नको. तुम्ही खाली बसला होता तसं... माझ्याच्यानं पुन्हा नाही होणार. राहू दे. मी सांगीन आप्पांना."

"काय सांगशील? शिपायासाठी शिक्षण सोडलं?"

ती ओंजळीतल्या पाण्याकडं बघत राहिली.

"गुडघे माझे," मी म्हणालो. "त्यात तुझं काय गेलं? तू मोठ्या मानानं निघून आलीस. मी अजून तिथंच खाली बसलो होतो. तुझ्या दयेनं मला कुणी उठवलं नाही. दावणगेऱ्याला चुलीपुढं बसून जन्मभर म्हणशील, त्या म्हाताऱ्या अण्णापायी माझं असं झालं. ते ओझं मी घेणार नाही. मला तुझी कीव नको. मला तुझ्या किवेची किळस येते."

शेवटचं वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो. पण बोललो आणि ते लागू पडलं. तिनं ओंजळीतलं पाणी सोडून दिलं, हात ओढणीला पुसले, आणि माझ्या पुढनं चालायला लागली.

साहेबांच्या कपात तळाशी थोडी कॉफी होती. मी परत गुडघ्यावर बसलो. ह्या वेळी मला दात काढायला लागले नाहीत. तिनं माझ्या टाळूकडं बघितलं नाही, बुटाकडंही नाही, ती भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडं बघत होती, आणि तिचा आवाज हुबेहूब बाईंचा होता. तोच सपाटपणा, वाक्याच्या शेवटी तोच पट्टी मारल्यासारखा ठोका. गाठ बसली. साहेबांनी कप ठेवला. बाईंनी मान हलवून लिहिलं. ती 'थँक यू, मॅडम' म्हणाली आणि गेली. 

"ऊठ आता," बाई म्हणाल्या.

ती पास झाली. दावणगेऱ्याच्या लोकांनी दुसरीकडं सोयरीक केली असं मागच्या बाकावरच्या एका पोराकडनं कानावर आलं. मला समाधान वाटलं, अगदी पोटभर. बाईंनाही वाटलं असावं. त्या दिवशी त्यांनी मला स्कूटरवर मागं बसवून अर्ध्या वाटेपर्यंत सोडलं, आणि उतरताना म्हणाल्या, "तू नसतास तर ती बुडाली असती. माणूस म्हणून तू बरा आहेस." हे मी अजून जपून ठेवलंय. त्यांच्या तोंडून असं काही निघणं सोपं नव्हतं. त्याच वर्षी त्यांनी प्रिन्सिपॉलसाहेबांना सांगून माझी नोकरी पक्की केली. 

पुढच्या बॅचपासनं प्लग गेला आणि बूट आला. परीक्षकाची कल्पना बाईंना पटली होती, प्लग पोरं पाठ करतात, हे त्यांनाही माहीत होतं. मी एक लाकडी ठोकळा घासून पायाच्या आकाराचा केला, त्यावर जुना बूट चढवून बाईंना दाखवला. 

"हे चालणार नाही," त्या म्हणाल्या. "बुटात पाय पाहिजे. रिकाम्या बुटाला सांगायला कोणाची जीभ अडते? मला जिथं अडते तिथंच शिकवायचंय."

म्हणून मग दर तासाला पुढच्या बाकावरचा एकजण खुर्चीत बसून पाय पुढं करायचा, मी खाली बसायचो, आणि मागच्या बाकावरचा एकजण समोर उभा राहायचा. त्यांना मी सुरुवातीपासनंच दात काढून दाखवायचो. काहीजण त्यानं बोलायचे. काहीजण त्यानंही बोलायचे नाहीत.

ती कॉलेजात होतीच, वरच्या वर्गात. व्हरांड्यात दिसायची, ड्रॉइंगच्या कागदांची सुरळी काखेत, चार मैत्रिणींच्या मधे, मोठमोठ्यानं इंग्रजी बोलताना. समोरनं आली तर बाजूला बघायची. मी हाक मारली नाही. मीच सांगितलं होतं, कीव नको म्हणून.

एका सकाळी असाच तास चालू होता. समोर रायचूरकडचा एक बारका पोरगा, मी खाली, पट्टी वाजतेय. मी दात काढले, त्यानं मान आणखी खाली घातली. लॅबच्या खिडक्या व्हरांड्यावर उघडायच्या. तिथं ती थांबली. बरोबरच्या मुली पुढं गेल्या, ती राहिली.

"होल्ड द लेफ्ट एंड," ती खिडकीतनं म्हणाली.

मी वर बघायच्या आधी माझा हात गेला. पोरगा दचकला, मग त्यानं तिच्यामागनं तेच म्हटलं. ती पुढचं म्हणाली. त्यानं ते म्हटलं. बाईंनी वळून बघितलं आणि तिला थांबवलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मला तर कौतुक दिसलं. असा एक बूट झाला. 

पोरगा घामानं भिजला होता. त्याला वाटलं सुटलो. तेव्हा ती त्याला कन्नडमध्ये म्हणाली, आणि एवढ्या वर्षांत तेवढं कन्नड मला यायला लागलं होतं, "घाबरू नको. त्यांना सवय आहे."

खरंच होती. ती पुढं निघून गेली तोवर माझा हात कुणी न सांगताच दुसऱ्या बुटाच्या नाडीला लागला होता, आणि हुकुमाशिवाय हात हलला म्हणून बाईंनी त्या पोराचा एक मार्क कापला.